रेंजफाइंडर कॅमेऱ्यासाठी फास्ट स्टँडर्ड लेन्स निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरमध्ये अजूनही रेंजफाइंडर (आरसा नसलेला, दोन खिडक्यांतली चित्रे जुळवून फोकस करायचा कॅमेरा) गळ्यात अडकवून फिरणारी जी मोजकी मंडळी आहेत, त्यांच्यापैकी जवळजवळ प्रत्येकाने कधी ना कधी मला "पन्नासची एक-चार घ्यावी की दोन?", म्हणजे ५० मिमीची एफ/१.४ लेन्स घ्यावी की एफ/२, असे विचारलेले आहे. कधी फोनवर, कधी नाटकाच्या मध्यंतरात, तर कधी सराफ्याच्या गर्दीत उभ्या उभ्या दिलेली ती उत्तरे येथे एकत्र केली आहेत. उदाहरणे मुद्दाम इंदूरचीच घेतली आहेत, कारण लेन्सचे पैसे वसूल होतात की नाही हे आपण रोज कोणत्या उजेडात उभे राहतो यावर अवलंबून असते.

फास्ट स्टँडर्ड लेन्स म्हणजे नेमकी कोणती लेन्स?

३५ मिमी फिल्मसाठी ज्या लेन्सचे नाभीय अंतर ५० मिमीच्या आसपास आहे, ती स्टँडर्ड लेन्स होय. रेंजफाइंडरच्या जगात एफ/२ ही बऱ्याच काळापासून नेहमीची लेन्स मानली जाते, एफ/१.५, एफ/१.४ आणि त्याहून अधिक उघडणाऱ्या लेन्सना फास्ट म्हणतात. एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स अधिक उघडते आणि अधिक प्रकाश आत येतो. लुडविग बेर्टेले यांनी कॉन्टॅक्स कॅमेऱ्यासाठी रचलेली झाइसची ५० मिमी एफ/१.५ सोनार १९३२ सालची आहे, त्यामुळे ही हौस काही आजची नाही.

मला एफ/२ पुरणार नाही का?

बहुतेकांना पुरते, आणि हे उत्तर ऐकून विचारणाऱ्याचा चेहरा पडतो, हेही मी अनेकदा पाहिले आहे. म्हणून माझा सल्ला असा की लेन्स घेण्याआधी एक रात्र केवळ प्रकाशमापक घेऊन फिरावे.

मी हे सराफ्यात केले होते. दागिन्यांची दुकाने बंद होऊन खाण्याच्या गाड्या लागल्यावर, गराडू (एक प्रकारचा कंद) तळणाऱ्याच्या कढईसमोर, वर टांगलेल्या एलईडी दिव्याखाली आयएसओ ४०० (फिल्मची प्रकाशसंवेदनशीलता) वर मापकाने एफ/२ आणि १/६० सेकंद दाखवले. म्हणजे तेथे एफ/२ ची लेन्स आणि साधी ट्राय-एक्स किंवा एचपी५ फिल्म आरामात चालते. तेथून दहा पावलांवर, दोन गाड्यांच्या मधल्या अंधाऱ्या फटीत द्रोण हातात धरून उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर मात्र एफ/२ ला १/१५ आले. आरसा उचलला जात नसल्यामुळे रेंजफाइंडर १/१५ लाही हातात बऱ्यापैकी स्थिर धरता येतो. पण समोरचा माणूस गरम गराडू फुंकत असतो, तो स्थिर नसतो. एफ/१.४ ने तेथे १/३० मिळते आणि दहापैकी दोनऐवजी पाच-सहा छायाचित्रे हाती लागतात. फास्ट लेन्सचा फायदा एवढाच आहे, आणि ज्याला त्या फटीतलीच छायाचित्रे काढायची आहेत त्याच्यासाठी तो फार मोठा आहे.

अनंत चतुर्दशीच्या रात्री निघणाऱ्या गिरण्यांच्या झांक्यांबद्दलही (चित्ररथांबद्दलही) विचारले जाते. त्या झांक्या स्वतःच दिव्यांनी इतक्या लखलखत असतात की एफ/२ तेथे सहज पुरते. उजेड कमी पडतो तो झांकी पुढे निघून गेल्यावर, कडेच्या ओट्यावर पेंगणाऱ्या मुलांच्या छायाचित्राला. घरातल्या समईच्या उजेडात आजीचा चेहरा टिपायचा असेल, तर आयएसओ ८०० वर एफ/१.४ आणि १/३० च्या आसपास हिशेब बसतो. तेथे एफ/२ वापरली तर शटर १/१५ वर येते आणि आजीला श्वास रोखायला सांगावे लागते.

एफ/१.४, एफ/१.२, एफ/१.१ आणि एफ/०.९५ यांत प्रत्यक्षात किती फरक पडतो?

एफ/२ च्या तुलनेत एफ/१.४ दुप्पट प्रकाश देते. हा पूर्ण एक स्टॉप झाला. येथून पुढे प्रत्येक पायरी महाग होत जाते आणि हाती कमी लागते. एफ/१.४ वरून एफ/१.२ वर गेल्यास अर्ध्या स्टॉपहूनही थोडे कमी मिळते, एफ/१.१ वर सुमारे दोन-तृतीयांश स्टॉप आणि एफ/०.९५ वर एक स्टॉपच्या किंचित पुढे. एफ/१.५ आणि एफ/१.४ यांतील फरक तर इतका किरकोळ आहे की केवळ त्या आकड्यासाठी एक सोडून दुसरी घेणाऱ्याला मी समजावण्याचा प्रयत्न करीत नाही.

वजनाचा हिशेबही पाहावा. लाइकाची ५० मिमी एफ/२ समिक्रॉन सुमारे २४० ग्रॅम भरते, एफ/१.४ समिलक्स एस्फेरिकल सुमारे ३३५ ग्रॅम, तर २००८ साली आलेली एफ/०.९५ नॉक्टिलक्स सुमारे ७०० ग्रॅम. शेवटची लेन्स कॅमेऱ्यावर लावली की कॅमेरा पुढे झुकतो, व्ह्यूफाइंडरचा उजवीकडचा खालचा कोपरा लेन्सच्याच आड जातो, आणि ज्या सुटसुटीतपणासाठी रेंजफाइंडर घेतला तो संपतो. माझ्या मते फिल्म वापरणाऱ्याने एफ/१.४ किंवा एफ/१.५ वर थांबावे. त्यापुढची लेन्स घ्यायची तर ती उजेडासाठी नव्हे, तिच्या चित्राच्या पोतासाठी घेतो आहोत, हे स्वतःशी कबूल करून घ्यावी.

माझा कॅमेरा इतक्या उघड्या लेन्सचा फोकस अचूक पकडू शकेल का?

हा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो, आणि खरे तर तो सर्वांत आधी विचारायला हवा. रेंजफाइंडर दोन खिडक्यांतून दिसणारी एकाच वस्तूची दोन चित्रे एकमेकांवर आणून अंतर मोजतो. त्या दोन खिडक्यांमधले अंतर जितके जास्त, तितकी मोजणी काटेकोर. या अंतराला व्ह्यूफाइंडरच्या विवर्धनाने गुणले की जो आकडा मिळतो, त्याला प्रभावी पायालांबी म्हणावे. कॅमेऱ्याची खरी कुवत तीत असते.

१९५४ च्या लाइका एम३ मध्ये खिडक्यांतील अंतर सुमारे ६९ मिमी आणि विवर्धन ०.९१ आहे, त्यामुळे प्रभावी पायालांबी सुमारे ६३ मिमी येते. ५० मिमी लेन्ससाठी याहून चांगला व्ह्यूफाइंडर लाइकाने नंतर बनवला नाही, असे मानणाऱ्यांपैकी मी एक आहे. एम६ सारख्या ०.७२ विवर्धनाच्या कॅमेऱ्यांत हाच आकडा सुमारे ५० मिमीवर येतो, आणि एफ/१.४ साठी तो पुरेसा आहे. झाइस इकॉनच्या एम माउंट (लाइकाच्या एम मालिकेतील लेन्स बसणाऱ्या) कॅमेऱ्यात तो सुमारे ५५ मिमी आहे. फोख्टलेंडर बेसा आर२ए मध्ये मात्र ३७ मिमीला ०.७ ने गुणावे लागते आणि हाती सुमारे २६ मिमी राहतात. बेसा आर३ए चे विवर्धन पूर्ण १ असल्याने तेथे ३७ मिमी टिकून राहतात.

व्यवहारात याचा अर्थ असा की बेसा आर२ए वर एफ/१.१ ची लेन्स लावून एक मीटरवरच्या चेहऱ्याचा डोळा धारदार येईल अशी खात्री बाळगू नये. आला तर हाताचे कौशल्य, नाही आला तर लेन्सचा दोष नव्हे. लाइकाच्या डोळ्याकडच्या भागावर बसणारे १.२५ किंवा १.४ पटींचे भिंग लावल्यास थोडी मदत होते. चष्मा असणाऱ्यांनी ते लावून फ्रेमलाइन (छायाचित्राची कड दाखवणाऱ्या व्ह्यूफाइंडरमधल्या रेघा) कडेपर्यंत दिसतात का, हे आधी पाहून घ्यावे.

आणखी एक बाब अनुभवानेच कळते. रेंजफाइंडरमधली चित्रे आडवी सरकतात, म्हणून जुळवणीसाठी उभी रेघ लागते. राजवाड्याच्या वरच्या चार लाकडी मजल्यांवरचे खांब आणि झरोके यासाठी सरावाला उत्तम आहेत: कॅमेरा डोळ्याला लावावा आणि खांबाची दुहेरी कड एक होईपर्यंत फिरवत राहावे. गालावर किंवा शर्टाच्या सपाट रंगावर फोकस शोधत बसलेला माणूस रात्रभर शोधत राहतो. त्याने शर्टाच्या बटणपट्टीची कड धरावी.

पूर्ण उघड्या लेन्सवर डेप्थ ऑफ फील्ड किती उरते?

डेप्थ ऑफ फील्ड म्हणजे फोकसच्या पुढे-मागे धारदार दिसणारा पट्टा. ५० मिमी लेन्स आणि फिल्मवर ०.०३ मिमीपर्यंतचा धूसर ठिपका धारदारच समजण्याचे नेहमीचे प्रमाण धरले, तर एक मीटरवर एफ/२ ला सुमारे साडेचार सेंटिमीटर, एफ/१.४ ला सुमारे तीन आणि एफ/१.१ ला अडीच सेंटिमीटर. तीन सेंटिमीटर म्हणजे नाकाच्या टोकापासून डोळ्यापर्यंतचेही अंतर नीट भरत नाही. दोन मीटरवर एफ/१.४ ला तेरा सेंटिमीटर आणि तीन मीटरवर जवळपास तीस सेंटिमीटर मिळतात, त्यामुळे एक पाऊल मागे सरणे हाच सर्वांत स्वस्त उपाय आहे. रेंजफाइंडरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये सगळेच धारदार दिसते. मागचे किती धूसर होणार हे छायाचित्र धुऊन येईपर्यंत कळत नाही, हे नव्याने येणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

फोकस-शिफ्ट म्हणजे काय, आणि त्याची काळजी करावी का?

काही लेन्समध्ये अ‍ॅपर्चर (प्रकाश आत सोडणारे छिद्र) बंद करत गेल्यावर धारदार बिंदू मागे सरकतो. एसएलआरमध्ये (आरशाच्या कॅमेऱ्यात) जे भिंगातून दिसते तेच आपण पाहतो. रेंजफाइंडरला मात्र लेन्सच्या आत काय घडते आहे याची काहीच वार्ता नसते, तो फक्त लेन्सच्या मागच्या कॅमची (फोकस करताना मागे-पुढे सरकणाऱ्या कडेची) हालचाल वाचतो. त्यामुळे हा दोष येथे अधिक बोचतो.

सोनार रचनेच्या लेन्समध्ये तो ठळक असतो. झाइसच्या एम माउंट सी सोनार ५० मिमी एफ/१.५ च्या अनेक प्रती एफ/२.८ ला अचूक बसतील अशा जुळवलेल्या आहेत. अशी प्रत एफ/१.५ ला जवळून वापरली की डोळ्यावर धरलेला फोकस नाकाकडे उतरतो. ज्यांना हे माहीत आहे ते डोळ्यावर फोकस धरून शरीर केसभर पुढे झुकवतात आणि अप्रतिम चित्रे काढतात. ज्यांना माहीत नाही ते लेन्स विकून टाकतात, आणि मग ती पहिल्या प्रकारच्या माणसांना स्वस्तात मिळते. विकत घेताना आपली प्रत कोणत्या अ‍ॅपर्चरसाठी जुळवली आहे, एवढे विक्रेत्याला अवश्य विचारावे.

मग प्रत्यक्षात कोणत्या लेन्स पाहाव्यात?

नवी लेन्स घ्यायची असून खर्चाला मर्यादा असेल, तर फोख्टलेंडरच्या नॉक्टन मालिकेतील ५० मिमी एफ/१.५ पासून सुरुवात करावी. आकार, धार आणि किंमत यांचा इतका समतोल मला दुसरीकडे दिसलेला नाही. त्याच मालिकेतील ५० मिमी एफ/१.२ ही अधिक उघडणारी असूनही सुमारे साडेतीनशे ग्रॅमच भरते, म्हणून तिचाही विचार व्हावा. एफ/१.१ ची नॉक्टन मात्र सव्वाचारशे ग्रॅमच्या वर आहे आणि एक मीटरपेक्षा जवळ फोकस करीत नाही.

लाइकाची २००४ पासूनची समिलक्स एस्फेरिकल ही पूर्ण उघडली तरी कडक धार देणारी लेन्स आहे. पैसे असतील तर तिच्याविरुद्ध बोलण्यासारखे काही नाही. माझ्याकडे नव्हते, म्हणून तिच्याविषयी आणखी लिहीत नाही.

जुन्यांपैकी कॅननच्या ३९ मिमी स्क्रू माउंटची ५० मिमी एफ/१.४ माझी आवडती आहे. पूर्ण उघडली की दिव्यांभोवती किंचित तेज पसरते, एफ/२.८ ला तीच लेन्स एकदम शहाण्यासारखी वागते. त्याच घराण्यातील एफ/१.२ घेताना अ‍ॅपर्चरच्या लगतच्या भिंगांवरचा धुरकटपणा तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत. १९६१ ची प्रसिद्ध कॅनन एफ/०.९५ ही कॅनन ७ च्या खास बाहेरच्या बायोनेटसाठी बनलेली आहे. एम माउंटवर जी दिसते ती कोणीतरी बदल करून घेतलेली असते, आणि त्या बदलाचा दर्जा हाच तिचा खरा दर्जा असतो.

चिनी ७आर्टिझन्सच्या ५० मिमी एफ/१.१ मध्ये कॅम वापरणाऱ्याला स्वतः जुळवता येतो. ही सोय चांगली आहे, पण तिचा अर्थ असाही होतो की जुळवणीचे काम तुमच्यावर आहे.

सोव्हिएत ज्युपिटर-३ स्वस्त मिळते, घ्यावी का?

फेड किंवा झोर्की कॅमेऱ्यावर लावायची असेल तर जरूर घ्यावी. ही ५० मिमी एफ/१.५ लेन्स झाइसच्या सोनारवरूनच आलेली आहे आणि चांगली प्रत सुंदर चित्र देते. परंतु सोव्हिएत लेन्सची जुळवणी लाइकाच्या मोजमापाशी तंतोतंत जुळत नाही. त्यामुळे लाइकावर दूरचे नीट येते आणि एक मीटरवर पूर्ण उघडली की फोकस चुकतो. शिवाय इतक्या वर्षांत ती कोणी कोणी उघडून पुन्हा बसवली असेल, हे सांगता येत नाही.

स्क्रू माउंटची लेन्स एम माउंट कॅमेऱ्यावर लागते का?

लागते. त्यासाठी पातळ अ‍ॅडॉप्टर रिंग मिळते; ती ५०/७५ फ्रेमलाइन आणणारीच मागून घ्यावी. उलट, म्हणजे एम माउंटची लेन्स स्क्रू माउंट कॅमेऱ्यावर, लागत नाही.

जुनी लेन्स हातात आल्यावर काय तपासावे?

मला तरी इंदूरमध्ये एम माउंटची फास्ट लेन्स दुकानात हातात घेऊन पाहायला क्वचितच मिळाली आहे. बरेच जण अवंतिका एक्स्प्रेसने मुंबईला फोर्ट भागातील बोरा बाजार गाठतात, किंवा परदेशातून मागवतात. मागवणार असाल, तर सीमाशुल्क आणि कर धरून हाती पडेपर्यंतची किंमत काढावी. नुसत्या लेन्सची किंमत पाहून हुरळून जाऊ नये.

लेन्स अंधाऱ्या खोलीत न्यावी, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडावे आणि मागच्या बाजूने मोबाइलची विजेरी तिरकी धरून पुढून पाहावे. धुळीचे कण असतातच, त्यांची चिंता नको. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. सगळीकडे सारखा दुधाळ पडदा दिसला तर तो धुरकटपणा. तो साफ होऊ शकतो, पण कधी कधी खालची काचच कोरली गेलेली असते आणि मग काही उपाय राहत नाही. पुढच्या भिंगावरचा एखादा ओरखडा मी सहज सोडून देतो, मागच्या भिंगावरचा सोडत नाही. फोकसची रिंग फिरवताना मध्येच सैल आणि मध्येच घट्ट लागली, तर ती लेन्स परत ठेवावी.

कॅमेरा आणि लेन्स यांची जुळवणी घरी कशी तपासावी?

टेबलावर पाच काडेपेट्या तिरक्या ओळीत अशा उभ्या कराव्यात की प्रत्येक मागची पेटी पुढचीपेक्षा दोन सेंटिमीटर दूर असेल. कॅमेरा तिपाईवर, मधल्या पेटीपासून एक मीटरवर ठेवावा, लेन्स पूर्ण उघडावी आणि मधल्या पेटीच्या उभ्या कडेवर फोकस करावा. छायाचित्र घेतल्यावर रिंग फिरवून फोकस पूर्ण बिघडवावा आणि पुन्हा धरावा, असे तीनदा. मग तेच एफ/२.८ ला. फिल्म असेल तर प्रत्येक वेळची नोंद वहीत करावी, कारण आठवड्याने निगेटिव्ह हातात येईपर्यंत काहीही आठवत नाही. तिन्ही वेळा पुढचीच पेटी धारदार आली तर जुळवणी चुकली आहे. कधी पुढची, कधी मागची आली तर डोळा किंवा हात चुकतो आहे.

अनंत अंतरासाठी गच्चीवरून दूरचा मोबाइल टॉवर पाहावा. रिंग शेवटाला टेकल्यावर टॉवरची दोन चित्रे नेमकी एक झाली पाहिजेत. टॉवरवर चुकते आणि काडेपेट्यांवरही चुकते, तर शंका कॅमेऱ्यावर घ्यावी. दुसऱ्या लेन्सवर सगळे ठीक येत असेल तर लेन्सवर.

भर उन्हात फास्ट लेन्स वापरता येते का?

येते, पण उघडी नाही. दुपारच्या उन्हात आयएसओ १०० ला एफ/१६ आणि १/१०० असा हिशेब धरला, तर एफ/१.४ साठी १/१२८०० सेकंद लागेल. यांत्रिक लाइका १/१००० वर थांबते. आठ पट प्रकाश अडवणारा एनडी फिल्टर लावूनही १/१६०० उरते. दिवसा एफ/५.६ वापरावे हे उत्तम.

याच्याशीच जोडलेला धोका मात्र गंभीर आहे. रेंजफाइंडरमध्ये आरसा नसतो. लेन्सच्या मागे थेट शटरचा पडदा असतो, आणि अनेक कॅमेऱ्यांत तो रबर चढवलेल्या कापडाचा असतो. उघडी लेन्स सूर्याकडे तोंड करून राहिली, तर लहानपणी भिंगाने कागद जाळायचो तसा पडदा जळतो. एका मे महिन्यात मी कॅमेरा एफ/१.५ वर ठेवून, टोपण न लावता, गच्चीच्या कठड्यावर ठेवला आणि कैऱ्यांच्या फोडी उलटायला वळलो. पुढच्या रोलच्या प्रत्येक छायाचित्रात उजवीकडे वर एक पांढरा ठिपका होता. पडद्यातले छिद्र टाचणीच्या टोकाएवढे होते, दुरुस्तीचे बिल तेवढे नव्हते. तेव्हापासून वापर झाला की टोपण लावतो, आणि टोपण सापडले नाही तर अ‍ॅपर्चर एफ/१६ वर नेऊन ठेवतो.

डिजिटल रेंजफाइंडरसाठीही हेच लागू आहे का?

उजेडाच्या बाबतीत नाही. आयएसओ ३२०० किंवा ६४०० सहज वापरता येत असताना सराफ्याच्या अंधाऱ्या फटीतही एफ/२ पुरते. तेथे फास्ट लेन्स केवळ धूसर पार्श्वभूमीसाठी घेतली जाते. ज्या कॅमेऱ्यांत लाइव्ह व्ह्यू (लेन्समधून येणारे चित्र पडद्यावर पाहण्याची सोय) आहे, त्यांत फोकस-शिफ्टचाही प्रश्न उरत नाही. पण जुळवणीतली चूक डिजिटलवर शंभर टक्के मोठी करून पाहता येते, त्यामुळे तक्रारी तेथेच जास्त होतात.

पावसाळ्यात लेन्स कशी सांभाळावी?

माळव्याची हवा आठ महिने कोरडी असते, म्हणून आपण निष्काळजी होतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये बुरशी धरते. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल आणि आर्द्रतामापक ठेवून काटा ४० ते ५० टक्क्यांत राखावा. चामड्याच्या पाकिटात घालून कपाटात ठेवू नये.

घरात वडिलांचा जुना यशिका आहे. आधी तोच वापरला तर?

हेच करावे. यशिका इलेक्ट्रो ३५ वर ४५ मिमी एफ/१.७ आणि कॅनोनेट क्यूएल१७ जी-III वर ४० मिमी एफ/१.७ लेन्स कायमची बसवलेली असते, म्हणजे एफ/२ हून जवळपास अर्धा स्टॉप जास्त. हे दोन्ही कॅमेरे पाऱ्याच्या बॅटरीवर चालत. यशिकात आता अ‍ॅडॉप्टर लावून ६ व्होल्टची बॅटरी घालतात आणि ती चालते. कॅनोनेटच्या मापकाला मात्र १.३५ व्होल्ट हवे असतात, १.५ व्होल्टची घातली तर मापन चुकते. आधी बॅटरीची पेटी उघडून पाहावी. आत हिरवा क्षार साचलेला असेल, तर व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने तो पुसावा, पूर्ण वाळू द्यावा आणि मगच नवी बॅटरी घालावी.